राहिलेलं घर

“एकानंही वेळेवर दोर ओढला नाही, बाबा...”

मठातल्या बाबांपुढे निवास नेहमी इथूनच सुरुवात करायचा. विहीर खणताना दरड कोसळली, तेव्हा खाली दोघे भाऊ होते. निवासला वर काढलं. थोरला हणमंत वर आलाच नाही. तेव्हापासून निवास पीत सुटला. भावाच्या दहाव्यालाही तो गुत्त्यावरच होता. शेवटी गावाबाहेरच्या या मठात आला आणि हळूहळू दारू सुटली.

आज मात्र त्याला काही मागायचं होतं.

“वर्ष झालं, थेंबाला शिवलो नाही. आता दीक्षा द्या. नवं नाव द्या. तो जुना निवास मेला.”

“कधी?” बाबा म्हणाले. “मला कुणी कळवलं नाही.”

“चेष्टा नको, बाबा.”

“बरं. मठाचा रिवाज ठाऊक आहे ना? दीक्षेआधी आपल्याच गावात भिक्षा मागायची. एकही घर वगळायचं नाही.”

निवास गेला. दुपारी परतला तेव्हा झोळीच्या ओझ्यानं खांदा कलला होता. भाकऱ्या, झुणका, कुणी तर पुरणपोळीही घातली होती.

“कुणी नाही म्हटलं नाही,” तो ताठ मानेनं म्हणाला.

बाबांनी झोळीत हात घालून चाचपलं.

“रिकामी आहे.”

“अहो, उचलवत नाहीये!”

“रिकामी आहे.”

निवासनं झोळी खांद्यावरून उतरवली.

“वहिनीचं घर राहिलं. काय तोंड घेऊन जाऊ? तिथं माझं जगणं हाच गुन्हा आहे.”

बाबांनी सगळी झोळी गाईपुढे ओतली. झटकली, नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

“लवकर ये. सगळे जेवायचे थांबलेत.”

वहिनीच्या अंगणात निवास उभा राहिला. भिक्षेची हाक काही तोंडातून फुटेना.

वहिनीच बाहेर आली.

“सकाळी गल्लीच्या तोंडावरून माघारी फिरलात. बघितलं मी.”

तिनं झोळीत भाकरी घातली. निवास मान खाली घालून वळला.

“भावजी...”

तो थांबला.

“उद्या सुमन शाळेला जायच्या आत या. विहिरीत तिचा बाप काय बोलत होता, ते सारखं विचारते. मला कुठलं ठाऊक असायला?”