सातू पाडेली आणि बंदरावरचे माड

ही गोष्ट जशी ऐकली तशीच आठवते आहे, की मधल्या वर्षांनी तिच्यात भर घातली, कोण जाणे. चुकलं तर ऐकणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

शिरवंडी आज शहर आहे. ती नुसतं बंदर होती तेव्हा किनाऱ्यावर माडांची रांग होती आणि सातू तिचे नारळ पाडायचा. तो पाडेली होता. कोयता चालवण्याआधी तो वरून ओरडायचा, “खाली कोण?” आणि खाली कुणी असलं तर हात आवरायचा. त्याच्या हातून कुणाच्या अंगावर कधी नारळ पडला नाही, असं म्हणतात.

एका श्रावणात त्यानं सहज खोडाला कान लावला. आत कुणीतरी कच्चे तांदूळ चावत होतं. तो पुढच्या माडाकडे गेला. तिथंही तेच. रांग संपेपर्यंत तेच.

तो बंदराच्या म्होरक्याकडे, गणबा तांडेलाकडे धावला. “पुनवेक पूजा माडांखाली नको. किडीन आतून पोखरलेत, आधी हे तोडूया.”

“फळतो माड तोडूक सांगतंस?” गणबा हसला. “सातू, तुझ्या कानात मळ इलो हा! नारळांच्या भारान माड वाकलेत, बघ.”

नारळी पौर्णिमेला सगळं बंदर माडांखाली जमलं. सातूची लेक येसू तान्ह्या पोराला घेऊन बायकांत बसली होती. दुपारी वारा वाढला आणि पायाखाली मुळं हलल्यासारखं सातूला वाटलं. त्यानं हात जोडले, पाया पडला. कुणी उठेना.

मग तो वर चढला. त्यानं हाक दिली नाही. कोयता चालवला.

पहिला नारळ येसूच्या पुढ्यात आदळला. “बाबा, खुळावलास काय? माझ्या मांडयेर पोर आसा!” ती किंचाळली. दुसरा पडला, तिसरा पडला. शिव्या देत, पोरं उचलत माणसं ओल्या वाळूकडे पळाली. सातू खाली उतरलाच नाही. या शेंड्यावरून त्या शेंड्यावर जात त्यानं सगळी रांग रिकामी केली. एकही नारळ कुणाला लागला नाही, असं म्हणतात.

मग कडाड असा आवाज झाला. माड मधोमध मोडले, एकामागून एक, आणि शेवटच्या माडावर सातू होता. वाऱ्यानं त्याला उचलून नेलं, असं म्हणतात.

तेव्हापासून रांग तीनदा बदलली. आता तिथं परक्या देशातले शोभेचे ताड आहेत. तरी नवं झाड लावताना खड्ड्यात मूठभर मीठ पडतं ते सातूच्या नावानं. पौर्णिमेची पूजा ओल्या वाळूतच होते. सुकल्या झावळ्या तोडायला चढण्याआधी पाडेली खोडाला कान लावतो, आणि तेवढा वेळ रस्त्यावरची माणसं बोलायची थांबतात.

पुष्कळ वर्षांनी बंदराच्या जुन्या दप्तरात त्या दिवसाची नोंद पाहायला मिळाली. पडलेले माड, एकसष्ट. मेलेली माणसं, एक.