हापशात ओतलेलं पाणी

"पण बाबा, धर्माच्या पैशाला नाही म्हणणं, हेच पाप नव्हे का?"

विचारत होता अनंता ढवळे मास्तर. काखेत पिशवी, पिशवीत ऐंशी हजार. पोरांच्या वसतिगृहावर पत्रे घालायला गावानं घरटी वर्गणी काढलेली. त्यात माझ्या कोंबड्यांचेही दोनशे होते. तालुक्याच्या बँकेत निघाला होता, वाटेत तकियातल्या हाशमबाबा फकिरांची दुवा घ्यायला थांबला. आम्ही चार बायका तिथंच उरुसाच्या तांदळातले खडे वेचत होतो.

"कुणाचा पैसा?" बाबांनी विचारलं.

"परदेशातली एक विधवा आहे. अंथरुणाला खिळलेली. मोबाईलवर ईमेल आलाय तिचा. नऊ कोटी दान करायचेत म्हणते, माझ्या हातून."

"तुझं नाव कुठं ऐकलं तिनं?"

"नाव नाही लिहिलं. 'देवाच्या लाडक्या माणसा' असं लिहिलंय."

"मग तो मीच असेन की."

बायका हसल्या. मास्तर नाही हसला.

"आणि ही पिशवी?"

"हे आधी भरायचे. कागदपत्रांचा खर्च. मग नऊ कोटी सुटतात."

"नऊ कोटींतनंच कापून घे म्हणावं तिला."

"तसं चालत नाही, बाबा."

"गावाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू नका म्हणालीय. दान गुप्त असावं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

बाबांनी आमच्या सुपातला एक खडा वेचून टाकला.

मास्तरला वाटलं, म्हातारा हरला. म्हणाला, "तुम्हाला व्यवहार नाही कळायचा. हापशात सुद्धा आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तेव्हा तो पाणी देतो."

"हे मात्र खरं." बाबांनी अंगणातल्या हापशाकडं बोट केलं. "जा, ओत. तहान लागलीय."

मास्तरनं माठातून तांब्या भरला, हापशात ओतला, दांडा हाणला. काही नाही.

दुसरा तांब्या. काही नाही.

"आतून आवाज येतोय, बाबा! अजून एक, की आलंच."

तिसरा ओतला. चौथा ओतला. सदरा घामानं पाठीला चिकटला. ऊन डोक्यावर, आणि माठाच्या तळाला तांब्या खरवडायला लागला.

शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. "मास्तर, बोअर आटली त्या साली पंचायतीनं खालच्या नळ्या उपसून नेल्या. वरचं धूड तेवढं उभं आहे. तुम्ही तेव्हा बाहेरगावी नोकरीला होता."

मास्तरचा हात दांड्यावरच राहिला.

मग दांडा सोडून आला, पिशवीतला पुडका काढला आणि माझ्यापुढच्या सुपात, तांदळावर ठेवला.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्याच तांब्याला का नाही बोललात?"

बाबांनी रिकामा माठ ओट्यावर उपडा घातला.

"आम्ही पाचजण इथंच बसलो होतो, मास्तर. तू विचारलंस कुणाला?"