नारोपंतांना स्मरणाचं औषध

देवळी संस्थानातले नारोपंत म्हणजे विसराळूपणाचा कळस. कपाळावरचा चष्मा शोधायला ते शेजाऱ्याचा चष्मा मागून आणत आणि वर स्वतःच हसत, "आमचं डोकं म्हणजे धर्मशाळा. मुक्कामाला कोणी राहत नाही."

एकदा राजेसाहेबांकडे एक वैद्य स्मरणशक्तीचं औषध घेऊन आला. आधी माहुताला चमचाभर पाजलं. त्याला लहानपणचं सारं आठवलं खरं, पण चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या शेळीसाठी तो आठ दिवस रडत बसला. तरीही राजेसाहेब भरदरबारात, पाहुण्यांसमोर गरजले, "नारोपंत, ही बाटली संपवा, नाहीतर उद्यापासून दरबारात पाऊल ठेवू नका!"

शेळीहून मोठी दुःखं पंतांनी केवळ विसरून पचवली होती. पण बाटली हातात घेऊन ते नम्रपणे म्हणाले, "पितो, सरकार. फक्त एक शंका आहे. आपण पाहुण्यांना वाघाच्या शिकारीची हकीकत सांगता, तेव्हा साक्षीला मी असतो. तो वाघ केवढा होता, गोळी कोणी घातली, हे माझ्या या फुटक्या डोक्याला मुळीच आठवत नाही. म्हणून आपल्या प्रत्येक शब्दाला मी मान डोलावतो. औषधानं सगळं आठवलं आणि या मंडळींनी विचारलं, तर काय सांगू?"

राजेसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि मग तेच खो खो हसत सुटले.

"वैद्यराज, बाटली परत न्या," ते म्हणाले. "आमच्या पंतांची प्रकृती ठणठणीत आहे."