माहुताची छिन्नी

रोमवर चालून निघालेल्या कार्थेजच्या फौजेत एके काळी एक हत्ती होता. त्याचा माहूत बोस्तार कमरेला छिन्नी खोचून बसायचा. ते हत्तीला खटकलं.

"तुझी नखं तासायला रे," माहूत म्हणाला.

नखं तर कधी तासली नव्हती. हत्तीने छिन्नीलाच विचारलं.

"तू उधळून आपल्याच लोकांवर आलास, तर मला तुझ्या मानेत ठोकायचं," छिन्नी म्हणाली. "सेनापतीचा हुकूम आहे."

लढाईच्या दिवशी रोमनांची शिंगं वाजली. धीर द्यायला माहुताने हत्तीच्या मानेवर थाप मारली. हत्तीला वाटलं, आली छिन्नी. तो उलटा फिरला आणि कार्थेजच्याच रांगा तुडवत सुटला.

माहुताने कमरेला हात घातला. आपला हत्ती तसला नाही म्हणून त्याने छिन्नी सकाळीच तळावर ठेवली होती.