मार्तंडाला सांगितलेलं

"बुवा, मार्तंडाला तुम्ही हळूच काय सांगता?"

निरंजनबुवा तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी वळून पाहिलं.

मठातला सर्वांत जुना शिष्य, दामोदरशास्त्री, ओठ आवळून उभा होता.

"जन्म गेला माझा तुमच्या सेवेत. तो परवा आला, आणि आता तुम्ही त्याच्याशीच बोलता. मी जवळ आलो की दोघांचाही आवाज खाली येतो. काल हसलात दोघं... कुणाला हसलात?"

बुवा पुन्हा तुळशीकडे वळले.

"मंत्र दिलात ना त्याला? माझ्या आधी?"

हल्ली मार्तंडाच्या पानावरचा भातसुद्धा दामोदरला आपल्यापेक्षा जास्त दिसे.

बुवांनी तांब्या खाली ठेवला आणि काहीतरी म्हटलं.

दामोदरला नुसते ओठ हललेले दिसले.

"बघा! आतासुद्धा पुटपुटताय. मला कळू नये म्हणूनच ना?"

बुवांनी त्याचा हात धरला. तळवा आपल्या गळ्यावर टेकवला. आणि पुन्हा बोलले.

गळा थरथरत होता. शिरा ताठ झाल्या होत्या. वळचणीची कबुतरं फडफडत उडाली. विहिरीवर पाणी शेंदणारा मार्तंड घागर टाकून धावत आला.

"काय झालं बुवा? कुणावर ओरडताय?"

दामोदरचा हात तिथंच राहिला...

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

बुवा त्याच्या कानाशी वाकले. "ते तू मला सांग."

"कुणाला कळू देऊ नका. शास्त्री बहिरा झाला म्हणतील. सगळे या मार्तंडाकडेच जातील..."

"संध्याकाळी प्रवचनाला पुढं बस. ऐकू आलं नाही, तर तसं म्हण."

मठ तांबट आळीत होता. संध्याकाळी अंगण भरलं. जन्मभर तांब्यावर हातोडा मारलेली माणसं, त्यांच्या बायका, लेकीसुना. बुवा बोलू लागले. माना डोलू लागल्या. एक हसला की सगळे हसत.

मार्तंड शेजारीच बसला होता. शब्दन् शब्द त्याच्या कानात पडत होता. त्याचे कान उपटून घ्यावेत, असं दामोदरला वाटलं.

शेवटी तो उठला.

"बुवा, मला ऐकू येत नाही!"

आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला.

मग मागून म्हातारा गेनू तांबट उभा राहिला. कानामागं हात धरून म्हणाला, "मलाबी न्हाई, म्हाराज. लई वर्सं झाली."

त्याची बायको बघतच राहिली. "अवं, आन् मला वाटायचं, तुमी माज्याशी अबोला धरलाय..."

"मलाबी न्हाई येत," खांबापासून कुणीतरी म्हणालं.

"मलाबी." हा आवाज बायकांतून.

मग आणखी एक... मग किती, ते कळेना.

दामोदर मागं वळून त्या तोंडांकडे बघत राहिला. मार्तंडाकडे बघायचं त्याला सुचलं नाही.

बुवा आसनावरून उतरले. अंगणाच्या मधोमध, माणसांत येऊन बसले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आज कुठं प्रवचनाला माणसं आली."