आधी पूस, मग लाव

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर मनातल्या मनात फार रागावली. तोंडाने ती काही बोलत नव्हती, पण राग हातांत उतरला होता. डबी उघडताना झाकण निसटे, ब्रश धुताना पाणी सांडे, आणि आरशासमोर बसली की अर्ध्यातून उठून ती पुन्हा तोंड धुऊन येई.

गुरू म्हणजे वऱ्हाडातल्या एका लहान शहरातली वृद्ध मावशी. नवऱ्या मुली सजवण्यात तिचे निम्मे आयुष्य गेले होते. पण तिची खरी ख्याती निराळीच होती. रोज कामावर जाणाऱ्या साध्या बायकांचा ती असा मेकअप करी की बघणाऱ्याला चेहऱ्यावर काही लावले आहे हे कळतच नसे. ती विद्या शिकायला ही तरुण शिष्या साताऱ्याकडून एवढ्या लांब आली होती. हातात कसब होते, पेटीत सामान होते. मनाला स्वस्थता तेवढी नव्हती. आल्यापासून ती गावात कुणाशी धड बोललीही नव्हती, कारण तिचा सगळा वेळ आरशापुढे जात होता.

मावशी मितभाषी होती. पहिल्याच दिवशी तिने एक वाक्य सांगितले, "पोरी, आधी पूस, मंग लाव."

हे काय मोठेसे? शिष्येने चेहरा स्वच्छ पुसला, घाईघाईने क्रीम लावले, लगेच त्यावर फाउंडेशन ओढले. ते कोरड्या जागी फाटले आणि नाकाच्या कडेला गोळा झाले. मावशीने एकदा बघितले आणि म्हणाली, "पुसलं नाही तू." मग शिष्येने ओल्या कापसाने पुसले. मग कापसाऐवजी टॉवेल घेतला. जितके पुसावे तितके गाल लाल होत, आणि लाली झाकायची म्हणून वरचा थर आणखी जाड होई. मावशीचे उत्तर मात्र बदलत नव्हते. "पुसलं नाही तू."

माणसाने पुसावे तरी किती? मला त्या मुलीची दया येते. कढईसारखा चेहरा घासून ती रोज गुरूपुढे उभी राहत होती, आणि रोज तेच ऐकून मागे फिरत होती. दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्याला हात लावण्याची परवानगी तिला अजून मिळालीच नव्हती.

अशात एका सकाळी चारुशीला आली. ही पोस्टात खिडकीवर बसणारी. टायफॉइडने महिनाभर अंथरुणाला खिळली होती आणि त्या दिवशी पुन्हा कामावर रुजू व्हायचे होते. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळे पडले होते, ओठांच्या कडा सुकल्या होत्या. आल्या आल्या ती म्हणाली, "मावशी, आज घरातून पाय निघत नव्हता. काहीतरी करा, नाहीतर मी अशी नाही जात."

मावशीने शिष्येकडे पाहिले. "आज तू कर. आधी पूस, मंग लाव." एवढे बोलून ती दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसली.

इतके दिवस जी संधी हवी होती ती अशी अचानक समोर आली. आज पुसण्यात कसर ठेवायची नाही, असे तिने ठरवले. चारुशीलेची आजारातून उठलेली नाजूक त्वचा तिने कपाळापासून हनुवटीपर्यंत पुसून काढली.

"ताई, जरा झोंबतंय," चारुशीला म्हणाली.

"होईल बरं," शिष्या म्हणाली आणि क्रीम लावून, ते मुरण्याची वाट न पाहता, पुढचा थर दिला. तो फाटला. तिने पुसला. पुन्हा दिला, पुन्हा फाटला. भिंतीवरचे घड्याळ पुढे सरकत होते आणि चारुशीला सारखी पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. शेवटी तिने आरसा ओढून घेतला. डोळ्यांखालचे काळे तसेच होते आणि भोवती लाल चट्टे उठले होते.

"राहू द्या," ती उठत म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी रजा वाढवते. मला नाही जायचं आज."

शिष्येचा बांध फुटला. "मावशी, तुम्ही सांगितलं तसंच केलं मी. पुसलं, पुसलं, साल निघायचं तेवढं बाकी आहे. अजून किती पुसू?"

मावशीने शेंगांवरून मान वर केली. "पुसलं ना? मंग काय सांगतलं तिनं?"

"कुणी?"

"जिले पुसलं तिनं."

चारुशीला रडता रडता हसायला लागली. "अहो ताई, तुम्ही चेहरा पुसत होता? आमच्याकडं पुसणं म्हणजे विचारणं. मावशी म्हणतात, आधी विचार, मग लाव."

मावशीने मांडीवरचे सूप बाजूला ठेवले आणि उठून शिष्येसमोर आली. मग तिने एक चमत्कारिक गोष्ट केली. तिने आपल्या शिष्येचे लाल झालेले गाल दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, "चूक माही हाय, पोरी. रोज म्या तुले म्हटलं, पुसलं नाही तू. पण तू काय आयकलं, हे म्याच तुले पुसलं नाही."

शिष्येला रडू कोसळले. मावशीने तिला रडू दिले आणि मग खुर्ची खिडकीकडे वळवत शांतपणे सांगितले, "चेहरा रोज येगळा असते. काल झोप झाली का, ताप होता का, हवा कोरडी हाय का, त्यावर बोट ठेवलं की तो सांगते. कोरडा असन तर क्रीम लाव आन् थांब, मुरू दे. घाई केली तर वरचं फाटनच. रंग हनुवटीखाली लावून पाह्य, गालाचा आन् मानीचा मेळ बसते का ते. घासू नको, टिपत जाय. थोडं लाव, मंग दूर होऊन पाह्य, कारण नाकाले नाक लावून तुले कोणी पाहत नाही. आन् सगळ्यात आधी तिले पूस, आज तिले काय पाहिजे. आपण ज्याले लपवतो, ते तिले लपवायचंच नसन तर?"

शिष्येने थंड पाण्याचा मऊ रुमाल चारुशीलेच्या गालांवर नुसता ठेवला. लाली ओसरल्यावर क्रीम लावले आणि हात मागे घेतले. ते थांबणे तिला फार अवघड गेले. बोटे सारखी पेटीकडे धावत होती. त्या अस्वस्थतेतच तिने पहिल्यांदा विचारले, "ताई, आज तुम्हाला काय हवंय?"

चारुशीलेने बराच विचार केला. "खिडकीशी येणारा प्रत्येक जण मला विचारील, काय झालं होतं, किती वाळल्या. ते नको. आणि आज किती छान दिसताय, असंही नको. कुणी काही म्हणूच नये. पाकीट पुढं करावं, तिकीट मागावं, बस."

शिष्येने हातात घेतलेली गुलाबी लालीची डबी परत ठेवली. डोळ्यांखाली अनामिकेने थोडेसे फाउंडेशन टिपले. ताप गेल्यापासून डोळ्यांना पाणी येते, असे चारुशीलेने विचारल्यावर सांगितले, म्हणून खालच्या पापणीला काजळ लावलेच नाही. ओठांना फिका रंग लावला आणि तोच बोटावर घेऊन गालांवर जरासा विरवला. पावडर फक्त नाकाला आणि कपाळाला. मग ती दारापर्यंत मागे गेली आणि पोस्टाच्या खिडकीबाहेरचा माणूस जेवढ्या अंतरावरून बघेल तेवढ्यावरून तिने पाहिले. अजून काही लावावे असे तिच्या हाताला फार वाटत होते.

"अजून काही?" तिने विचारले.

चारुशीलेने मान हलवली. मावशी पुन्हा शेंगा सोलू लागली होती आणि तिने वर पाहिलेही नाही.

संध्याकाळी पोस्टातून परत जाताना चारुशीला मुद्दाम वाट वाकडी करून आली. शिष्या दिवसभर त्याच विचारात होती. "काय झालं? कुणी काही म्हणालं का?" तिने उंबऱ्यातच विचारले.

"कुणीच नाही," चारुशीला म्हणाली. "उलट एक म्हातारे बाबा रांग पुढं सरकत नाही म्हणून माझ्यावर खेकसले. झोपा काढता का म्हणे इथं बसून." हे सांगताना तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.