गळपट्ट्याच्या गाठी

"मग आरी कधी देणार, उस्ताद?" तायाप्पानं विचारलं.

मकबूल उस्ताद खाली मान घालून दोऱ्याला मेण लावत राहिले. मिरजेतल्या त्यांच्या दुकानात घोड्याचा लगाम, तंग, झापडं शिष्य शिवत. गळपट्टा मात्र ज्याला उस्ताद स्वतःची चामडं टोचायची आरी देतील त्यानंच शिवायचा. गाडी ओढताना घोड्याचा सगळा ताण त्याच पट्ट्यावर येतो.

तायाप्पाला दम नव्हता. उस्ताद अंथरुणाला खिळलेले असताना त्यानं उसन्या आरीनं मिरवणुकीच्या बग्गीसाठी गळपट्टा शिवून टाकला होता. लाल काठ, पितळी फुल्या, आणि वरून एक गाठ दिसेल तर शपथ.

"हा बघा. मिरवणूक समितीचे अध्यक्ष म्हणाले, असं काम पुण्यातही मिळायचं नाही."

"अध्यक्ष म्हणाले?"

"सगळा बाजार म्हणतोय."

"घोडा काय म्हणाला?"

तायाप्पा हसला. "तो काय म्हणणार? घालून बघितला तर नुसती मान झटकत होता. नव्या चामड्याला बुजतात, उस्ताद."

"हं..."

उस्तादांनी सदरा काढला. गळपट्टा डोक्यातून खांद्यावर उतरवला आणि वाद्या तायाप्पाच्या हातात दिल्या.

"ओढ."

"उस्ताद, लोक बघतायत."

"बघू देत. लोकांसाठीच शिवलायस ना? ओढ."

त्यानं हलकेच ओढलं.

"पुलाचा चढ आहे, लेका. बग्गीत पुढारी बसलेत. हारतुऱ्यांसकट. ओढ."

तायाप्पानं जोर लावला. उस्ताद पाय रोवून पुढं रेटत राहिले.

पट्टा उतरवला तेव्हा त्या म्हाताऱ्या खांद्यावर लाल टिपके उठले होते. एकातून रक्त आलं होतं.

तायाप्पानं पट्टा उलटा केला. वरून दिसू नयेत म्हणून आत घेतलेल्या गाठी... मेणानं खड्यासारख्या कडक झालेल्या.

उस्तादांनी सदरा घातला आणि पुन्हा दोरा हातात घेतला.

तायाप्पानं चामडं कापायची रापी उचलली आणि टाके उसवायला बसला.

बग्गीवाला आला. "अरे, काय करतोस? संध्याकाळी मिरवणूक आहे."

"जुना पट्टा घाला."

"अध्यक्षांना काय सांगू?"

"हा एकदा गळ्यात घालून बघा म्हणावं."

बग्गीवाला पुटपुटत गेला. संध्याकाळी रस्त्यावरून बँड वाजत गेला. तायाप्पा उठला नाही.

पट्टा नव्यानं शिवून झाला तेव्हा त्यानं तो उघड्या खांद्यावर चढवला, वाद्या दुकानाच्या खांबाला बांधल्या आणि जीव खाऊन ओढलं. एका ठिकाणी खुपलं. तेवढं उसवलं. पुन्हा शिवलं. पुन्हा ओढलं.

मग त्यानं पट्टा उस्तादांपुढं ठेवला. फुल्या गेल्या होत्या. सगळ्या गाठी बाहेर, साऱ्या बाजाराला दिसतील अशा.

या वेळी त्यानं काही मागितलं नाही.

उस्तादांनी पट्ट्याच्या आतल्या बाजूला गाल लावला. मग कमरेची आरी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"आरी टोचतोस तिथं नको बघू," ते म्हणाले. "पलीकडं निघते तिथं बघ."